एका ळइतकी मोकळी जागा

नाव

*शाळेचे नाव सर्वत्र एकसारखे लिहावे. (ओळख-पुस्तिका, पान ३)*

गुरुवारी सकाळी सव्वाआठपासून साडेअकरापर्यंत शाळेच्या दारातून तीनशे माणसं तरी आत गेली असतील. विद्यार्थी, शिक्षक, रुग्ण, रुग्णांना हाताला धरून आणणारे. सगळ्यांनी दारावरची पितळी अक्षरं डोळ्यांखालून घातली आणि सगळ्यांना तिथे 'वाचाशाळा' असंच दिसलं.

साडेअकराला एक निवृत्त बसचालक आला. चार महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ होऊन त्याचं बोलणं आणि वाचणं एकाच दुपारी गेलं होतं. आता तो एकेक सुटं अक्षर वाचायला शिकत होता. तो दारात थांबला, मान वर केली आणि बोट दाखवत म्हणाला, "वा. चा. शा. काठी."

"काठी नाही हो," त्याची बायको म्हणाली. "ळा."

"काठी."

"बरं, काठी. आज अंगात आलंय तुमच्या." मग तिने वर पाहिलं.

ळ नव्हता. त्याचा काना तेवढा उभा होता, गाडी चुकलेल्या माणसासारखा.

शोधक

*पुस्तिकेतील मजकूर छपाईपूर्वी तपासून घ्यावा. (पान ४)*

ही शाळा म्हणजे विद्यापीठाची वाचाशाळा. वाचा गेलेल्यांना ती परत मिळवून देणारे लोक इथे तयार होतात, आणि वाचा गेलेले लोक इथेच उपचाराला येतात. शाळेची संचालक माझी भाची आहे. मी मुद्रितशोधक. आयुष्य दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करण्यात गेलं. शाळेला बत्तीस वर्षं झाली म्हणून भाचीने तिची सगळी दृश्य ओळख नवी करायला घेतली होती. नवा लोगो, नवे रंग, नवी पाटी, पत्राचा नवा कागद, आणि हे सगळं कसं वापरायचं ते सांगणारी अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका. शनिवारी चार वाजता अनावरण होतं. पुस्तिकेची मुद्रितं माझ्याकडे होती आणि पहिल्याच पानावर 'वाचाशाला' असं छापून आलं होतं. ळ तिथेही गेलेला.

"मावशी," भाची म्हणाली, "तू मुद्रितशोधक आहेस ना? मग शोध."

"मी छापलेलं शोधते. चोरलेलं नाही."

"एकच आहे. काहीतरी असायला हवं ते जागेवर नाहीये." तिने दार लावून घेतलं. "अक्षरं तेरा फुटांवर आहेत. शिडी एकच, ती कार्यशाळेत, कुलपात. किल्ली मिस्त्रीकडे. मी त्याला बोलावलं, विचारलं. तो फक्त म्हणाला, 'माझ्याकडून काही सांगता येणार नाही.' नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता गं."

"मग आता?"

"उद्या पाच वाजेपर्यंत ळ सापडला नाही तर विद्यापीठाकडे लेखी तक्रार. माझ्या हातात नाही ते. शाळेची मालमत्ता आहे."

मिस्त्रीला निवृत्त व्हायला तीन आठवडे राहिले होते. शाळेच्या आधीपासून विद्यापीठात, चौतीस वर्षं. तक्रार गेली की चौकशी, आणि चौकशी म्हणजे त्याच दिवसापासून आवारात यायला बंदी. मिस्त्रीने निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं होतं. त्याची एकच इच्छा सगळ्या शाळेला ठाऊक होती: शेवटच्या दिवशी कार्यशाळा झाडून घ्यायची, कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या हाताने संचालकांच्या टेबलावर ठेवून पुढच्या दाराने जायचं.

"पण मला एक सांग," मी म्हटलं. "पाटी तर तुम्ही काढणारच होता."

"काढून पोत्यात भरून तळघरात टाकणार होतो. सोमवारी बेत बदलला. परिपत्रक काढलं की जुनी अक्षरं घासून, चकचकीत करून प्रवेशदालनात काचेच्या पेटीत मांडायची."

"म्हणजे इतके दिवस ळ कुणालाच नको होता, आणि तो लोकांसमोर मांडायचा ठरल्यावर तीन दिवसांत गेला."

"बरोबर."

"तुला यात काही विचित्र वाटत नाही?"

"मावशी, मला शनिवारी चार वाजता कुलगुरूंसमोर 'वाचाशा काठी' दाखवायचीय. मला सगळंच विचित्र वाटतंय."

मोकळी जागा

*लोगोभोवती चारही बाजूंनी किमान एका 'ळ'इतकी मोकळी जागा सोडावी. या जागेत मजकूर, चित्र, सही, शिक्का, काहीही येऊ देऊ नये. (पान ९)*

पहिला संशय डिझायनरवर घ्यायला हवा होता, कारण नवा लोगो म्हणजेच ळ होता. दोन गोल एकमेकांना चिकटलेले, मध्ये देठ. "दोन माणसं बोलताहेत," तो समजावून सांगायचा, "आणि तरी अक्षरच आहे." बोलताना हाताने हवा बाजूला सारायची त्याला सवय होती. लोगोला श्वास घेऊ द्या, मथळ्याला श्वास घेऊ द्या. कार्यालयातल्या मुलींनी त्याचं नाव 'दमा' ठेवलं होतं.

"आज सकाळी सात वाजता तुम्ही दारापाशी होतात," मी म्हटलं.

"नव्या पाटीचं माप घेत होतो, काकू."

"आणि जुनीतलं एक अक्षर नाहीये हे दिसलं नाही?"

"नव्या पाटीचं माप घेताना जुनीकडे कोण बघतं?" त्याने खांदे उडवले. "आणि मला तो ळ कशाला हवा असेल? तो तर बिघडलेला होता."

"बिघडलेला म्हणजे?"

त्याने पडद्यावर फोटो उघडला. सहा आठवड्यांपूर्वी क्रेनवाल्याला बोलावून त्याने प्रत्येक अक्षर समोरून टिपलं होतं. शेजारी त्याने बत्तीस वर्षांपूर्वीचा पत्राचा कागद ठेवला. ज्या कारागिराने ती अक्षरं पितळेच्या पत्र्यातून हाताने कापली, त्याच्याच आराखड्यावरून तो छापला होता.

"वा बघा. कागदावरचा आणि भिंतीवरचा, एकावर एक ठेवले तर केसाचा फरक नाही. चा, तसंच. शा, तसंच. आता ळ."

कागदावरच्या ळचे दोन्ही गोल सारखे होते. फोटोतल्या ळचा उजवा गोल लहान होता, जरासा आत ओढलेला.

"कापताना हात घसरला असणार त्याचा," डिझायनर म्हणाला. "मी दुरुस्त करून घेतला."

मी छापखान्यात एक गोष्ट शिकले आहे. खिळे जुळवणाऱ्या सराईत जुळाऱ्याचा हात घसरला तर पानभर घसरतो. एकाच अक्षरावर घसरत नाही. एकच अक्षर वेगळं दिसलं की समजायचं, ते दुसऱ्या खणातून आलंय.

रंग

*मुख्य रंग: निळा. जोडरंग: पिवळा, काळा, जांभळा. (पान १४)*

(समासात मी लिहिलं होतं: एकाही रंगाला ळशिवाय भागलेलं नाही. डिझायनरला ते फारसं आवडलं नाही.)

दुपारी मी मिस्त्रीला म्हटलं, "मला वर चढून बघायचंय. शिडी लावा."

बारीक, उंच माणूस. खिशात पेन्सिलीचे तीन तुकडे, तिन्ही वेगवेगळ्या लांबीचे. "तुम्ही चढणार, ताई?"

"मग काय, तुम्हाला चढवू आणि तुम्हीच मला सांगणार काय दिसतंय ते? धरा नीट. मी पडले तर तीही तक्रार तुमच्याच नावावर."

तो किंचित हसला. आल्या दिवसापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. शिडी त्याने दोन्ही हातांनी आणि एका गुडघ्याने धरली.

भिंत नुसत्या सिमेंटची, कधीच न रंगवलेली. वा, चा आणि शा यांच्याखाली हिरवे ओघळ उतरले होते. पितळ बाहेर उन्हापावसात राहिलं की त्याचा असा हिरवा उतरतो. ओघळ ताजे होते, बोटाला लागले. काना होता त्याच्याखालीही तसाच ताजा हिरवा. मधे, जिथे ळ होता त्याच्याखाली, ओघळ होता पण हिरवा नव्हता. काळपट, सुकलेला, वर्षानुवर्षं नवीन काही न उतरलेला. पत्र येणं बंद झालेल्या घरातल्या पेटीसारखा.

आणि ळच्या जागी भिंतीवर फिकट आकृती राहिली होती. डावा गोल एक. उजव्या गोलाला कडा दोन होत्या. बाहेरची मोठी आणि पुसट, तिच्या आत लहान आणि ठळक.

स्क्रूच्या भोकात काहीतरी अडकलं होतं. मी नखाने काढलं. सोनेरी रंगाचा पापुद्रा आणि त्याला चिकटलेली लाकडाची एक कुसळ.

मी खाली पाहिलं. मिस्त्री वर बघत नव्हता. त्याने मान खाली घातली होती आणि शिडी घट्ट धरली होती. मी काय बघतेय ते त्याला वर न बघताही कळत होतं.

"सावकाश उतरा, ताई," तो म्हणाला.

चुकीचे वापर

*अक्षर ताणू नये. वाकवू नये. त्याला सावली देऊ नये. एखादे अक्षर काढून त्याजागी दुसऱ्या हातचे अक्षर बसवू नये. (पान २१)*

शिडी ठेवायच्या निमित्ताने मी त्याच्यामागून कार्यशाळेत गेले. शिकवण्यासाठी लागणाऱ्या वस्तू मिस्त्री इथे बनवायचा. तोंडाचे प्लास्टरचे साचे, आरसे बसवलेल्या पट्ट्या, आणि जिभा. लाकडाच्या जिभा, गुळगुळीत घासलेल्या, वेगवेगळ्या आवाजांसाठी वेगवेगळ्या वळलेल्या. भिंतीला कपाटं होती आणि प्रत्येक खणावर त्याच्या हातची चिठ्ठी होती. 'दात.' 'ओठ.' 'टाळू.'

'टाळू'समोर मी थांबले.

"तुम्ही ळ असा काढता, मिस्त्री? उजवा गोल छोटा?"

तो हातातल्या कापडाने शिडीची पायरी पुसत राहिला. ती आधीच स्वच्छ होती.

"लहानपणापासून," तो म्हणाला. "मास्तर मारायचे त्यासाठी."

"भिंतीवरचा ळ पितळेचा नव्हता. लाकडाचा होता, वरून रंगवलेला, आणि तुमच्या हातचा होता. मूळचा ळ समोर असता तर तुम्ही तो कागदावर उतरवून घेतला असतात आणि केसाचाही फरक पडला नसता. म्हणजे तुम्ही कोरायला घेतला तेव्हा मूळचा गेलेला होता. भिंतीवरचा ओघळ बघता, दहा-एक वर्षं तरी झाली."

मिस्त्रीने कापड घडी करून ठेवलं.

"अक्षरं पोत्यात जाणार होती तोवर तुम्हाला काळजी नव्हती. पोतं तुम्हीच भरणार होतात. सोमवारी परिपत्रक आलं, की घासून चकचकीत करणार. रंग निघाला असता, लाकूड दिसलं असतं. लोक घाबरतात ते आपलं पितळ उघडं पडेल म्हणून. तुमचं उलटं झालं. पितळ नाहीये हे उघडं पडणार होतं."

त्याने 'टाळू'चा खण उघडला. जिभांच्या मागून ळ काढला आणि टेबलावर ठेवला. सोनेरी, हलका, उजवा गोल छोटा.

"सकाळी सहाला काढला," तो म्हणाला. "जाळणार होतो. जाळवेना."

"पण चोरीचा आळ का घेतलात अंगावर? सरळ सांगायचं, लाकडाचा आहे म्हणून."

"चोरी झाली की लोक विचारतात, कोणी केली." तो खुर्चीवर बसला. "खोटं सापडलं की विचारतात, कधीपासून. 'कोणी'ला माझं नाव चालतं, ताई. 'कधीपासून'ला माझं नाव पुरत नाही."

"पितळेचा कुठे आहे?"

"मला माहीत नाही. देवाशपथ नाही."

"कोणाला माहीत आहे?"

तो उठला, लाकडी ळ परत खणात ठेवला आणि खण हळूच लावला, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावावं तसा. "तीन आठवडे काय, आणि आज काय," तो म्हणाला. "जायचंच होतं."

प्रूफवाचकाची नोंद

*(हे पुस्तिकेत नाही.)*

पुढची ओळ वाचा: *वे_ झाली, जव_ या.*

अडलात का? नाही अडलात. डोळा भरून घेतो. हाच आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका. जे नाही ते दिसतं, कारण ते तिथे असायला हवं असतं. त्यातही ज्याची सवय असते ते अक्षर माणूस वर्षानुवर्षं रिकाम्या जागी वाचत राहतो.

एखादा माणूसही तसा वाचला जाऊ शकतो, हे त्या शुक्रवारपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वेळ

*सर्व वेळापत्रके नव्या नमुन्यात छापावीत. (पान ३०)*

शाळेत ळ या आवाजाच्या सगळ्यात जवळ कोण होतं, हे विचारायला संचालक लागत नाही. उच्चाराच्या बाई. तीस वर्षं त्या लोकांच्या जिभा वळवत आल्या होत्या. मी शुक्रवारी सकाळी त्यांना फोन केला.

"अकराला येऊ का?"

"अकराला नको," बाई म्हणाल्या. "बाराला या."

"रुग्ण आहे का?"

"बाराला या."

मी अकराला पाच कमी असताना त्यांच्या दालनासमोरच्या बाकावर जाऊन बसले. दार उघडं होतं. आत रुग्ण कोणी नव्हता. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. समोर दुसरी खुर्ची, रिकामी. खिडकीतून फाटक दिसत होतं. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बाईंनी पुस्तक उघडलं नाही, फोन घेतला नाही. बारा वाजता त्या उठल्या आणि रिकामी खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

मी बाराला आत गेले नाही. आधी कार्यालयात गेले आणि नव्या नमुन्यात कसं बसवायचं ते ठरवायला म्हणून जुनी वेळापत्रकं मागून घेतली. बाईंच्या रकान्यात मंगळवार अकरा आणि शुक्रवार अकरा, दोन्ही कोरे. मागच्या वर्षीही. त्याच्या मागच्याही. अकरा वर्षं कोरे. बाराव्या वर्षात गेलं की तिथे ओळ होती, सव्वा वर्ष दर वेळी तीच, बाईंच्या नीटस अक्षरात: *पक्षाघात. पुरुष. धंदा: धातूची अक्षरे कापणे.*

तेव्हा पावणेतीन झाले होते.

उच्चार

*शाळेचे नाव बोलताना 'ळ' स्पष्ट उच्चारावा. (पान ३३)*

"तुम्ही बाराला येणार होतात," बाई म्हणाल्या.

मी भिंतीजवळची खुर्ची ओढली, आणि मग न बसता परत ठेवली. ते त्यांनी पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "खुर्चीच आहे."

मी वेळापत्रकाचं ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं नाही.

"मिस्त्री बोलला?"

"नाही. तो बोलत नाहीये म्हणूनच आज पाच वाजता त्याच्यावर तक्रार जातेय. उद्यापासून त्याला आत घेणार नाहीत."

बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"म्हणा ळ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"म्हणा."

"ळ."

"जीभ कुठे गेली?"

"वर. मागे."

"मागे वळवायची, टाळूला टेकवायची आणि सोडायची. टेकवायला सगळ्यांना जमतं. अडतात ते सोडताना." त्या खिडकीकडे बघत होत्या. "त्यांना सगळे आवाज परत आले. कठीण कठीण आले. हा आला नाही. 'शाला' म्हणायचे, आणि हसायचे. म्हणायचे, बाई, कापायलाही हाच सगळ्यात अवघड गेला होता, दोन करवती मोडल्या. तेव्हा वळला नाही, आता जीभ वळत नाही. सूड घेतोय."

"एवढं मोठं वाक्य बोलायचे ते?"

"एवढं वाक्य व्हायला पाऊण तास लागायचा. मला घाई नसायची."

मी वेळापत्रकाचं पान बाजूला सारलं.

"एका शुक्रवारी म्हणाले, तो हातात घेऊन बघू दे. बोटांना आठवतं, बोटं जिभेला सांगतील. मी मिस्त्रीला म्हटलं, आठवडाभरासाठी काढून दे. दिला त्याने. त्यांनी पिशवीत घातला आणि दारातून म्हणाले, 'ज्या दिवशी म्हणता येईल त्या दिवशी आणून देईन.' मंगळवारी आले नाहीत. मुलगी आली होती, दूर राहणारी, घेऊन गेली त्यांना. एकटे कसे राहणार होते. बरोबरच केलं तिने."

"आणि मिस्त्रीने लाकडाचा बसवला."

"मी सांगितलं नव्हतं. एके दिवशी वर पाहिलं तर होता. मी त्याला विचारलं नाही, त्याने मला सांगितलं नाही. अकरा वर्षं झाली."

"फोन करून ळ मागवून घ्यायचात, बाई."

"मागितला असता तर पाठवून दिला असता त्यांनी. टपालाने." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वस्तू परत द्यायची राहिली असली ना, की माणसाला यायला निमित्त राहतं. ते मी हातचं कसं घालवू? आले नाहीत म्हणजे अजून म्हणता येत नसेल. सराव चालू असेल."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. कुठल्याही मुद्रितात इथे समासात प्रश्नाची खूण करावी लागते. आणखी एक शक्यता होती आणि ती आम्हा दोघींनाही दिसत होती. मी ती खूण केली नाही.

"पाटी काढणार म्हटल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत," मी म्हटलं.

"काय बोलणार? मला एवढीच काळजी लागली होती, की आले तर आणून देणार कुठे?" त्या उठल्या, पदर सारखा केला. "चला. तुमची भाची कुठे बसते? नऊ वर्षं झाली, तिच्या खोलीत मी एकदाही गेले नाही."

मान्यता

*कोणताही बदल संचालकांच्या लेखी मान्यतेशिवाय करू नये. (पान ४१)*

बाई सहा मिनिटं बोलल्या. मिस्त्री दारात उभा होता, मी बोलावून घेतलं होतं. बाईंनी सगळं स्वतःवर घेतलं आणि मिस्त्रीने दोनदा तोंड उघडलं तेव्हा त्याच्याकडे न बघताच हाताने गप्प केलं.

मिस्त्रीने आणलेला लाकडी ळ भाचीने टेबलावरून उचलला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "मी रोज याच्याखालून गेले?"

"तू एकटी नाहीस," मी म्हटलं.

तिने संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला. तक्रारीचा मसुदा उघडा होता. "चोरीची तारीख: माझ्या आधीची. चोरीला गेलेली वस्तू: लाकूड. वस्तू सापडल्याचं ठिकाण: जिभांमागे." तिने मसुदा पुसला. "हे पाठवलं तर मलाच उपचाराला पाठवतील. मिस्त्री, महिनाअखेरीला मला किल्ली तुमच्याच हातून हवी आहे. टपालाने नको."

मिस्त्रीने खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली.

"पण बाई, पितळी ळ शाळेचा आहे," भाची म्हणाली. "मला तो नोंदीत दाखवायला लागेल."

"दाखवा ना. उसना दिलाय म्हणून दाखवा."

"कोणाला?"

"ज्याने केला त्याला."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली, मुद्रितांकडे.

"उद्या पेटीत हा लाकडी मांडूया का मग?" डिझायनर कधी आत आला होता कुणाला कळलं नव्हतं. "खाली चिठ्ठी लावू, प्रतिकृती म्हणून."

"नको," बाई म्हणाल्या. "जागा तशीच ठेवा. मागच्या फळीवर दोन स्क्रू लावून ठेवा, ळच्या मापाने. आल्यावर कुठे बसवायचा ते त्यांना कळायला हवं."

डिझायनरने हवा बाजूला सारायला हात उचलला आणि अर्ध्यावर थांबवला. "किती जागा ठेवू?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच प्रश्न होता.

"पान नऊ," मी म्हटलं. "तूच लिहिलंयस."

किमान आकार

*यापेक्षा लहान वापरल्यास ओळखू येणार नाही. (पान ४६)*

शनिवारी चार वाजता अनावरण झालं. कुलगुरू नव्या लोगोला 'चष्मा' म्हणाले आणि लोक हसले. पेटीखालच्या चिठ्ठीवर 'मूळ फलकावरील चार अक्षरे' असं छापून आलं होतं. मी 'चार'चं 'तीन व एक काना' केलं. पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून पुढच्या कोऱ्या जागेखाली आमची जुनी खूण केली, टिंबांची ओळ. तिचा अर्थ, आहे तसं राहू द्या.

लाकडी ळ मिस्त्रीने मागून घेतला. घरी नेणार म्हणाला, मास्तरांचा मार फुकट गेला नाही हे दाखवायला.

मंगळवारी पुस्तिकेची शेवटची मुद्रितं द्यायला गेले तेव्हा अकरा वाजले होते. सवयीने उच्चाराच्या बाईंच्या दालनाकडे पाहिलं. दार बंद, खिडकीशी कोणी नाही. दारावरच्या वेळापत्रकात, नव्या नमुन्यात, मंगळवार अकराच्या रकान्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. शुक्रवारचा रकाना अजून कोरा होता.

प्रवेशदालनात बाई काचेच्या पेटीसमोर उभ्या होत्या. शेजारी बसचालक, त्याच्यामागे त्याची बायको. तो बोट काचेला लावून वाचत होता.

"वा," तो म्हणाला. "चा. शा."

बोट दोन स्क्रूंवर आलं. तिथे काही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी ते भरून घेतलं असतं. तो थांबला. बायको सांगायला पुढे झाली तशी बाईंनी तिला हाताने अडवलं.

"जागा," तो म्हणाला. मग बोट पुढे सरकवलं. "काठी."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पुन्हा वाचा."